शेजाऱ्याचा श्वास

अमेरिकेतील मेम्फिस शहरात बॉक्सटाऊन ही गुलामीतून सुटलेल्यांनी वसविलेली वस्ती. तिच्याजवळ २०२४ साली संगणकांचे प्रचंड केंद्र झाले. विजेसाठी वायूवर चालणारी टर्बाइने परवान्याविनाच धडधडू लागली. त्यांतून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडे सहसा डोळ्यांना दिसत नाहीत. दमेकऱ्याच्या छातीला मात्र कळतात. रहिवासी सभांतून बोलले. जुलै २०२५ मध्ये १५ टर्बाइनांना परवाना मिळाला, तरी त्यांनी दाद मागणे सोडले नाही.

कोणी म्हणेल, “याने पुष्कळांचे कल्याण होईल.” होईल बापा! पण यज्ञात तूप यजमानाच्या घरचे लागते. शेजाऱ्याचे तूप न विचारता ओतले, तर त्याला आहुती म्हणावी की चोरी? मग श्वासाचे काय? त्या गरिबांचे गाऱ्हाणे हे भांडण नव्हे, धर्मच होय.