कोंबडी हलाल, ओढ्याचे काय?

शहापूर, मुरबाड तालुक्यांत पोल्ट्रीच्या शेड आहेत आणि ओढेही. कोंबडी हलाल आहे ना, एवढेच आम्ही विचारतो. तिला खाऊ काय घातले, हे नाही. खाद्यात अँटिबायोटिक असेल तर त्यातले बरेचसे विष्ठेतून बाहेर पडते. खत म्हणून शेतात, पावसात ओढ्यात. तेवढ्याशा औषधाने दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात आणि तो चिवटपणा इतर जातींच्या जंतूंनाही देतात. कोलिस्टिन हे माणसासाठी अखेरचे राखून ठेवलेले औषध. ते कोंबड्यांना देण्यावर भारतात बंदी आली २०१९ मध्ये. इतक्या उशिरा!

ओढ्यावर भांडी घासणाऱ्या कातकरी बाईने ती कोंबडी विकत घेतलेली नसते. हक्कुल इबाद अल्लाहही परस्पर माफ करत नाही, असे आम्ही मानतो. मग तिच्याकडे माफी मागायला कोण जाणार?