मिळालेला रथ



चेन्नईच्या पेरुंगुडी भागातले आपले बरेच मराठी साधक सॉफ्टवेअर कंपन्यांत नोकरी करतात. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या काचेच्या इमारतींत त्यांचा आठवडा जातो आणि रविवारी सकाळी ही मंडळी एकत्र बसून गीता वाचतात. अठरावा अध्याय सुरू झाला तेव्हा एका तरुण साधकाने विचारले, "प्रयत्नात मी कसूर करत नाही. पण ज्याच्या जोरावर काम करायचे ते साधनच धड नसेल तर? मोडकळीला आलेले प्रोजेक्ट माझ्या गळ्यात पडले आहे. ते बुडाले की माझ्या नावावर बुडणार." त्याचा प्रश्न नोकरीचा होता. पण गुडघेदुखीमुळे खुर्चीवर बसणाऱ्या एका काकू लगेच म्हणाल्या, "अरे, माझाही हाच प्रश्न आहे. फक्त माझे प्रोजेक्ट म्हणजे हे शरीर."

दोघांचा प्रश्न एकच आहे, हे काकूंनी बरोबर ओळखले. आपल्यापैकी अनेकांचा तोच आहे. म्हणून त्याचा सावकाश विचार करू, आणि त्यासाठी चेन्नईच्याच एका मुलाची हकीकत घेऊ.

करुण चंडोकचा जन्म 1984 साली चेन्नईत झाला. त्याचे घराणेच मोटार शर्यतींचे. आजोबा इंदू चंडोक मद्रास मोटार स्पोर्ट्स क्लबच्या संस्थापकांपैकी एक, वडील विकी चंडोक रॅलीत गाडी चालवणारे. कोइंबतूरच्या नारायण कार्तिकेयननंतर फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरलेला करुण हा दुसरा भारतीय. लहानपणापासून ज्याची इच्छा धरली ते 2010 साली त्याला मिळाले. पण कसे मिळाले ते पाहा.

त्याला जागा देणारा स्पेनचा संघ अगदी नवा होता. आधीच्या चालकांचे पैसे संपले आणि फेब्रुवारीत संघ दुसऱ्यांच्या हाती गेला. इतर संघ हिवाळाभर गाड्या पळवून त्यांतले दोष काढत होते, तेव्हा या संघाच्या गाडीने एक फेरीही मारलेली नव्हती. 14 मार्चला बहरीनमध्ये पहिली शर्यत होती. शुक्रवारची सराव सत्रे गेली, शनिवारचे सराव सत्रही गेले, आणि करुणची गाडी अजून जुळवलीच जात होती. ती त्याने पहिल्यांदा चालवली ती थेट पात्रता फेरीत. चोवीस गाड्यांमध्ये तो चोविसावा आला, त्या फेरीतल्या सर्वांत वेगवान गाडीपेक्षा सुमारे 10 सेकंदांनी मागे. जिथे सेकंदाच्या दहाव्या भागासाठी माणसे वर्ष वर्ष खपतात, तिथे 10 सेकंद! दुसऱ्या दिवशी पिट लेनमधून त्याने सुरुवात केली. दुसऱ्याच फेरीत रस्त्यावरच्या एका उंचवट्यावर गाडी उसळली, ताबा सुटला आणि शर्यत संपली. आयुष्यभर पाहिलेले स्वप्न काही मिनिटांत आटोपले, तेही साऱ्या जगासमोर.

आता सांगा, ही चूक कोणाची? गाडी त्याची अनोळखी होती हे खरे. सुकाणू त्याच्या हातात होते हेही खरेच.

माणूस अशा वेळी दोन उत्तरे देतो. पहिले उत्तर, "गाडीच तशी होती, मी काय करणार?" दुसरे, "सगळे माझ्यामुळे झाले, मीच नालायक." पहिल्याला आपण पळवाट म्हणतो आणि दुसऱ्याला नम्रता. गीता मात्र दोन्ही उत्तरे चुकीची ठरवते. अठराव्या अध्यायाच्या चौदाव्या श्लोकात भगवंत सांगतात की कोणत्याही कर्माला पाच कारणे लागतात: अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव. आचार्यांनी अधिष्ठान म्हणजे शरीर आणि करण म्हणजे इंद्रिये असा अर्थ घेतला आहे. समजण्यापुरते आपण तो थोडा सैल करू. आसनाला पट्ट्यांनी बांधलेला देह हे अधिष्ठान. "मी चालवतो" म्हणणारा करुण हा कर्ता. डोळे, हात, पाय आणि त्यांच्यापुढे जोडलेली ती गाडी, ही साधने. ब्रेक, गिअर, वळण या चेष्टा. आणि संघाचे संपलेले पैसे, तो उंचवटा, त्या दिवशीचे ऊन हे सारे पाचव्या रकान्यात.

पाचांतला एक मी. पाचही मीच असा समज करून घेणे हा अहंकारच आहे, मग तो यश मिरवताना असो की अपयशाने स्वतःला झोडपताना असो. स्वतःला झोडपणाऱ्या साधकाला हे पटत नाही. त्याला वाटते, आपण अहंकारापासून लांब आहोत. पण "सगळे माझ्यामुळे बिघडले" यातही "सगळे माझ्यामुळे" आहेच ना? आजच्या तरुण मुलांना हे आवर्जून सांगावेसे वाटते. कंपनी माणसे कमी करते, कोणाचा तरी हिशोब दूर कुठेतरी चुकलेला असतो, आणि मुलगा रात्रभर छताकडे पाहत स्वतःला दोष देत राहतो.

उरलेल्या चारांमागे लपणे हाही तितकाच मोठा दोष. तो आपल्याला सहज ओळखू येतो, म्हणून त्यावर अधिक बोलत नाही.

पाचव्या कारणापाशी मात्र थांबायला हवे. दैव म्हटले की आपल्या तोंडी लगेच "नशीब" येते, तेही बहुधा सुस्काऱ्यासकट. चेन्नईची शर्यतींची धावपट्टी बंगळुरू महामार्गावर इरुंगाट्टुकोट्टै इथे आहे. तिथून जवळच श्रीपेरुंबुदूर हे गाव लागते. 1017 साली याच गावी रामानुजाचार्यांचा जन्म झाला. गाड्यांच्या आवाजाशेजारी आचार्यांचे जन्मस्थान, हा योग मला फार आवडतो. तर या श्लोकावर भाष्य करताना रामानुजाचार्य दैव या शब्दाचा अर्थ नशीब असा घेत नाहीत. ते म्हणतात, पाचवे कारण म्हणजे अंतर्यामी परमात्मा. बळ त्याने दिलेले, साधने त्याने दिलेली. जीव त्या बळावर आपल्या इच्छेने प्रयत्न सुरू करतो आणि आत बसलेला परमात्मा त्याला अनुमती देऊन तो पुढे नेतो. म्हणजे जीवाचा प्रयत्नही खरा आणि परमात्म्याचा आधारही खरा. ज्या रकान्यात आपण कपाळावर हात मारतो, तिथे आचार्यांनी भगवंताला बसवले आहे!

मग मोडक्या साधनाचे करायचे काय? करुणकडे पुन्हा येऊ.

बहरीननंतर दोन आठवड्यांनी मेलबर्नला शर्यत झाली. पावसाने रस्ता ओला होता, गाडी तीच. एकेक करून दुसरे गळत गेले आणि करुण पहिल्या गाडीपेक्षा पाच फेऱ्या मागे राहून का होईना, शेवटपर्यंत पोहोचला. चौदावा. त्याच्यामागे शर्यत पूर्ण करणारा कोणी नव्हता. पण त्या संघाने पूर्ण केलेली ती पहिली शर्यत होती. वर्तमानपत्राच्या तक्त्यात अशी ओळ कोणी वाचत नाही. आत असलेल्यांना तिचे मोल कळते.

नादुरुस्त गाडीच्या चालकाचे निम्मे काम गाडीतून उतरल्यावर सुरू होते, हे फारसे कोणाला माहीत नसते. त्याला मेकॅनिक आणि अभियंत्यांसमोर बसून गाडीचे वागणे सांगावे लागते. "गाडी भंगार आहे" असे म्हणून चालत नाही. ते त्यांनाही ठाऊक असते! कोणत्या वळणावर, ब्रेक दाबण्याआधी की नंतर, पुढची चाके सरकली की मागची, टाकीत इंधन किती होते, इतके नेमके सांगावे लागते. पहिली झाली तक्रार, दुसरे निवेदन. तक्रारीने बोलणाऱ्याचे मन घटकाभर हलके होते. निवेदनाने पाना कुठे लावायचा ते कळते.

साधकाने हे शिकून घ्यावे. "जपात मन लागत नाही" हे वाक्य मार्गदर्शकांनी हजारदा ऐकलेले असते. त्याऐवजी असे सांगून पाहा: जपाला बसल्यावर पाचेक मिनिटे ठीक जातात, मग वहिनीने लग्नात केलेला अपमान आठवतो आणि पुढची माळ त्या भांडणावरच फिरते. आता उपाय निघू शकतो. कदाचित जपाची पद्धत बदलायचीच नसेल, वहिनींना फोन करायचा असेल. काकूंच्या गुडघ्यांचेही तसेच. "आता वय झाले" ही तक्रार. डॉक्टरांना "सकाळी पहिला जिना उतरताना दुखते, चढताना नाही" असे सांगणे हे निवेदन. तासभर मांडी घालता येत नसेल तर खुर्चीवर बसून ध्यान करण्यात कमीपणा कसला? भगवंताने मांडी मागितलेली नाही.

आणखी एक गोष्ट. शर्यतीत चालकाची खरी पारख पहिल्या क्रमांकाच्या गाडीशी तुलना करून होत नाही, त्याच्याच संघातल्या दुसऱ्या चालकाशी होते, कारण दोघांची गाडी एकच असते. करुणचा जोडीदार ब्रुनो सेना हाही नवखाच होता. मलेशियात करुण पंधरावा आला, सेना सोळावा. आपण मात्र साधनेत भलत्याच गाडीशी तुलना करतो. निवृत्त झालेले आजोबा पहाटे तीन तास बसतात आणि तान्ह्या बाळाची आई दुपारी पंधरा मिनिटे बसली, तर ती आई खंत करत राहते की माझी साधना काहीच नाही. तिच्या वाट्याला आलेली गाडीच वेगळी आहे. बाळ झोपल्यावर स्वतः न झोपता ती पंधरा मिनिटे बसली याचे मोल आजोबांनी तिला सांगायला हवे.

इथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे, कारण या विचाराचा गैरवापर होताना मी पाहिला आहे. मिळालेली गाडी चालवावी याचा अर्थ जीवघेणी गाडी चालवत राहावी असा नाही. ब्रेक लागत नसतील तर चालक गाडी पिटमध्ये आणतो. ते भित्रेपण नव्हे, तसे करणे हाच त्याचा धर्म. ज्या घरात मारहाण होते, ज्या नोकरीत खोट्या कागदांवर सही करायला लावतात, तिथे "प्रारब्ध आहे, सोस" असा उपदेश कोणी निष्काम कर्माच्या नावाने करू नये. कुरुक्षेत्रावर अर्जुन रथ मध्येच थांबवून बसला तेव्हा भगवंतांनी त्याचे म्हणणे आधी पूर्ण ऐकून घेतले होते.

करुणची पुढची कथा गोड शेवटाची नाही. त्या संघाकडून तो दहा शर्यती धावला. जुलैत सिल्व्हरस्टोनची शर्यत झाली आणि नंतर त्याच्या जागी दुसरा चालक आला. 2011 मध्ये दुसऱ्या संघाकडून त्याला जर्मनीत एक शर्यत मिळाली, तितकीच. फॉर्म्युला वनमध्ये चांगली गाडी त्याच्या वाट्याला कधी आलीच नाही. 2012 साली फ्रान्समधल्या ल माँच्या 24 तासांच्या शर्यतीत दोन साथीदारांबरोबर आळीपाळीने गाडी चालवून तो एकूण क्रमवारीत सहावा आला. आज तो दूरचित्रवाणीवर इतरांच्या शर्यती समजावून सांगतो. गाडी कुठे अडते आणि चालक कुठे चुकतो हे तो वेगवेगळे करून दाखवतो.

ज्यांची गाडी सध्या छान चालली आहे त्यांनाही काही सांगायचे आहे. महाभारतात दोन रथ आहेत. कर्णाचे चाक जमिनीत रुतले, ते सर्वांना ठाऊक असते. त्या क्षणी त्याने धर्मालाच दोष दिला. दुसऱ्या रथाची गोष्ट शल्यपर्वात येते. युद्ध संपल्यावर श्रीकृष्णांनी अर्जुनाला सांगितले, आज आधी तू उतर. अर्जुन उतरला, मग भगवंत उतरले, ध्वजावरचा कपी अंतर्धान पावला आणि तो दिव्य रथ घोड्यांसह जळून राख झाला. अर्जुन थक्क झाला. द्रोणांच्या आणि कर्णाच्या अस्त्रांनी तो रथ केव्हाच दग्ध झाला होता, भगवंत बसले होते म्हणून तो उभा होता. विजयी वीर इतके दिवस जळालेल्या रथात बसून लढत होता आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता!

या आठवड्याच्या साधनेसाठी एक छोटा नियम घ्या. रात्री झोपण्यापूर्वी दिवसातले एकच काम निवडा, बिघडलेले किंवा जमलेले, कोणतेही. वहीत पाच ओळी लिहा: अधिष्ठान, कर्ता, साधने, चेष्टा, दैव. प्रत्येकीपुढे त्या कामात जे घडले ते लिहा. कर्त्याच्या ओळीत जेवढे खरोखर तुमचे आहे तेवढेच लिहा, कमी नाही आणि जास्तही नाही. ती ओळ लिहायला सर्वांत जास्त वेळ लागतो, असा अनुभव येईल. वही येत्या रविवारी सत्संगाला बरोबर आणा. सोळावा श्लोक आपण तीच वही समोर ठेवून वाचणार आहोत.