वाट कुठे बघितली?

‘पण ह्यात त्या वाट कुठे बघतायत?’ आठ वर्षांच्या भाचीने विचारलं. मियाझाकींच्या १९८८ सालच्या ‘माय नेबर टोटोरो’ ह्या अ‍ॅनिमेशनपटातला बसथांब्याचा प्रसंग मी व्हिडिओतून मोजक्या फ्रेम निवडणाऱ्या एका प्रोग्रामला दिला होता. त्याने चार चित्रं निवडून दिली: पावसात उभ्या दोघी बहिणी, डोक्यावर पान ठेवलेला टोटोरो, त्याच्या हातातली छत्री, मांजरबस. चुकीचं एकही नव्हतं. तरी तिचा प्रश्न दोन दिवस डोक्यातून जाईना.

असे प्रोग्राम साधारण असं काम करतात. रंग एकदम बदलले की नवा प्रसंग धरायचा, सारख्या फ्रेम एका गटात टाकायच्या, गटातली एक उचलायची. तिला कीफ्रेम म्हणतात. अ‍ॅनिमेटरही हाच शब्द वापरतात, पण त्यांची कीफ्रेम म्हणजे हालचाल जिथे वळते ते चित्र. मधली चित्रं तिच्या आधाराने भरतात. यंत्राला मात्र वेगळं दिसणारं हवं असतं. वळणारं आणि वेगळं दिसणारं एक नव्हे, हे मला पुन्हापुन्हा सांगावंसं वाटतं. कार्टूनमध्ये पार्श्वभूमी तीच राहते आणि पेंगणाऱ्या धाकट्या बहिणीची, मेईची, मान एवढीशी कलते. यंत्राच्या लेखी काही घडलेलंच नसतं. वीज चमकली की मात्र सगळं घडतं!

संगणकात काम करणारा मित्र म्हणाला, ‘हजारो तासांच्या साठ्यात हवं ते शोधायला चार चित्रं पुरतात. वाट बघायला वेळ कुणाला आहे?’ पहिलं मला मान्य. दुसऱ्यावर मी तावातावाने भांडलो. सेकंदाला चोवीस फ्रेम धावतात, ते थांबलेल्या चित्रांत मावणारच नाही, असं ठासून सांगितलं.

सांगता सांगताच पिंगुळी आठवली. कुडाळजवळच्या ह्या गावात ठाकर समाजातले चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र पुढे धरून रामायण गातात. चित्र हलत नाही, पण ते किती वेळ धरायचं हे गाणाऱ्याच्या हाती. मग दोष थांबलेल्या चित्रांचा कसा? ‘तेच ते’ म्हणून यंत्र जे सर्वांत आधी टाकून देतं, त्यातच वेळ असतो. मला जवळजवळ सारखी चित्रं हवी होती, शेजारी शेजारी.

मी हाताने तीन फ्रेम निवडल्या. तोच थांबा, तोच दिवा, तोच पाऊस. भाची पहिलीवरून दुसरीवर गेली, परत पहिलीवर आली आणि बोट टेकवून म्हणाली, ‘इथे मेई अजून जागी आहे.’