उत्सर्ग

आपल्या धर्मशास्त्रकारांनी पुण्यकर्माचे इष्ट आणि पूर्त असे दोन भाग कल्पिले. यज्ञयाग हे इष्ट, तर विहीर, तळे, उद्यान, देवालय बांधणे हे पूर्त. तळे बांधून झाले, म्हणजे ते सर्व भूतमात्रांसाठी सोडल्याचा संकल्प उच्चारून यजमानाने आपली मालकी संपवावी, याला उत्सर्ग म्हणत. आणि अशा सोडलेल्या पाण्यावर खुद्द दात्याचा हक्क उरतो काय, याचाही धर्मनिबंधकारांनी खल केलेला आहे.

पावसाचा नेम सुटलेल्या आजच्या काळी जुन्या बांधकामातील शहाणपण नगररचनेत आणावे असे म्हणतात, तेव्हा ते शहाणपण दगड-चुन्यात होते की या सोडण्यात, हा प्रश्न विचारला पाहिजे. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजचे पाणी केवळ उताराच्या बळावर शनिवारवाड्यापर्यंत आणले. एका तलावात गाळ बसे, निवळलेले पाणी दुसऱ्यात येई, नळावरील उच्छ्वासांतून कोंडलेली हवा मोकळी होई, आणि वाड्याबरोबर पेठांतले हौदही भरत. ज्या आंबिल ओढ्याच्या पाण्यावर ही सारी रचना उभी राहिली, तोच ओढा २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री काठच्या वस्त्यांत शिरला आणि त्याने माणसांचे बळी घेतले. कारण मुसळधार पावसाचे पाणी वाहून न्यावयास लागणारे त्याचे पात्र बांधकामांनी ठिकठिकाणी आक्रसून टाकले होते.

यावर कोणी म्हणेल की, जुन्या काळी तरी पाणी सर्वांचे कुठे होते? आक्षेप खरा आहे. संकल्पात भूतमात्र होते, पण वहिवाटीत अस्पृश्यांना मज्जाव होता. आणि १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद त्यांना खुला केला, तेव्हा पुरोहितावाचून खरा उत्सर्ग घडला, असेच म्हणावे लागते. परंपरेतून उचलण्याजोगे काय आणि टाकण्याजोगे काय, याचा निवाडा त्या एका कृतीने करून ठेवला आहे.

दाखल्यापुरता जलसंचयाचा खड्डा खणणे सोपे आहे. ओढ्याकाठची मोलाची जमीन पाण्यासाठी मोकळी सोडणे, तिच्यावरचा हक्क सरकारने आणि सावकारानेही आवरणे, हे अवघड आहे, आणि आजचे पूर्तकर्म नेमके तेच आहे. त्याची तयारी नसेल, तर नव्या इमारतींत जुन्या धर्तीचे चौक आणि जाळ्या बसविणे ही निव्वळ सजावट होईल.