गप्प राहिलेल्याच्या वाट्याला काय?

पायथॉन शिकणारे बरेच जण इथे एकदा तरी आपटतात. फंक्शनच्या पॅरामीटरला डिफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट द्यायची, आत तिच्यात एक वस्तू टाकायची आणि काहीही न पाठवता फंक्शन दोनदा कॉल करायचं. दुसऱ्या खेपेला लिस्टमध्ये दोन वस्तू! कारण पायथॉन ती लिस्ट फंक्शनची व्याख्या वाचतानाच बनवतो, एकदाच. पुढे जो जो गप्प राहील, त्याच्या हातात तीच, आधीच्यांनी वापरलेली लिस्ट पडते. जावास्क्रिप्टमध्ये २०१५ साली डिफॉल्ट पॅरामीटर आले; तिथे मात्र दर कॉलला नवी कोरी लिस्ट मिळते.

म्हणजे जो काहीच बोलला नाही त्याला काय द्यायचं, हे भाषा बनवणाऱ्यांनी ठरवलंय, आणि वेगवेगळं ठरवलंय. म्हणून ‘मी काही निवडलंच नाही’ हे वाक्य मला अर्धंच खरं वाटतं. निवड झालेली असते. फक्त ती करणारा समोर नसतो.

आपल्या नावाचंच बघा. मधल्या जागी वडील, बाईचं लग्न झालं की नवरा. विचारलं होतं कुणी? २०२४ मध्ये राज्य सरकारने सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव बंधनकारक करायचा निर्णय घेतला. डिफॉल्टची भानगडच नको, थेट सक्तीचा पॅरामीटर. (सक्तीनेच का होईना, ती रिकामी जागा आता दिसते तरी.)

शॅडोइंग याहून अवघड, कारण तिथे काही रिकामं दिसतच नाही. बाहेर एक नाव आहे, आत त्याच नावाचं दुसरं काही आलं, की आत नुसतं नाव घेतल्यावर आतलंच मिळतं. बाहेरचं पुसलं जात नाही, झाकलं जातं. रस्टमध्ये हे खुशाल चालतं. जावामध्ये एका लोकल व्हेरिएबलने दुसऱ्याला झाकलं तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही. पॅरामीटरने क्लासच्या फील्डला झाकलेलं मात्र चालतं. मग त्या फील्डपर्यंत पोचायला आधी ‘धिस’ जोडावं लागतं.

‘घर’ हा शब्द असाच आहे. लग्नानंतर तिने नुसतं ‘घर’ म्हटलं की ते सासर. वीस-पंचवीस वर्षं ज्याला ती घर म्हणत आली, त्याच्यासाठी आता वेगळा शब्द लागतो: माहेर. त्याच छताखाली राहणाऱ्या तिच्या नवऱ्याला असा दुसरा शब्द कधी शोधावा लागलेला नाही.