चार पिंपं

आकुर्डीत जुन्या मुंबई-पुणे हमरस्त्याजवळच्या एका गाळ्यात क्रोम प्लेटिंगचं जॉबवर्क चालायचं. ज्येष्ठ वद्य अष्टमी होती. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी त्या संध्याकाळी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येणार होती. शेठनी दरवर्षीसारखे पाण्याचे जार आणि केळी दारात मांडून ठेवली होती.

आत मागच्या भिंतीशी खराब झालेल्या बाथची, म्हणजे प्लेटिंगच्या द्रावणाची, चार पिंपं उभी होती. लोखंड आणि तांबं उतरून बाथ बिघडला होता, जॉबवर चकाकी धरेना. टाकीत अजून तेवढंच द्रावण शिल्लक. पिंपं रिकामी झाल्याशिवाय टाकी रिकामी होणार नव्हती, आणि चाकणला सोमवारी माल पोचवायचा होता. गाळ्यातला सांडपाणी शुद्ध करायचा छोटा ईटीपी रोजच्या धुण्याच्या पाण्यापुरता. एवढं घट्ट द्रावण त्याला झेपणारं नव्हतं.

पावसानं मागचा नाला भरून वाहत होता.

"तात्या, पिंपं आडवी करा," शेठ म्हणाले. "तासाभरात मागमूस राहायचा नाही."

तात्या जागचे हलले नाहीत. उभं आयुष्य त्यांनी क्रोमच्या टाकीवर काढलेलं. त्या वाफेनं त्यांच्या नाकाच्या पडद्याला भोक पडलं होतं. बोलताना बारीक शीळ वाजायची.

"शेठ, नाल्यातनं ते पवनेत जाणार. दापोडीला मुळेत, पुण्यात मुठेला भेटून पुढं भीमेत. मग उजनी, मग पंढरपूर. पालखी उद्या दापोडीवरनंच जाईल."

"उजनीत शंभरावर टीएमसी पाणी मावतं. माझ्या चार पिंपांनी काय होतंय?"

बाथमधल्या हेक्साव्हॅलंट क्रोमियमनं कॅन्सर होतो. नदीत सोडायच्या पाण्यात ते लिटरमागे 0.1 मिलिग्रॅमच्या वर असू नये असा नियम आहे, आणि बाथमध्ये लिटरला अडीचशे ग्रॅमच्या आसपास क्रोमिक ॲसिड असतं. शेठना हे सगळं पाठ होतं. तरी त्यांचा हिशेब अगदीच खोटा नव्हता. एवढ्या मोठ्या धरणात चार पिंपं शोधूनही सापडली नसती. हाच हिशेब देशही मांडतात. 2015 साली पॅरिसला जवळजवळ दोनशे देशांनी तापमानवाढ रोखायचा करार मान्य केला. पण स्वतःचा कोळसा जाळताना जो तो म्हणतो, जगाच्या धुरात आमचा वाटा तो केवढा! एकेकाचा हिशेब खरा, आणि सगळ्यांची मिळून हवा तापतेच आहे.

"माझा धाकटा भाऊ दिंडीत आहे," तात्या म्हणाले. "पेरणी पोरांवर टाकून आलाय. तो नसता आला तर वारी अडली असती का? नसती अडली. पण आपल्या एकट्यानं काय होतंय, असं ज्यानं त्यानं म्हटलं असतं, तर पालखी देहूतच राहिली असती."

शेठ काही न बोलता दाराशी गेले. पहिल्या दिंड्या येऊ लागल्या होत्या. डोक्यावर तुळस घेतलेली एक म्हातारी जारापाशी थांबली.

"बाटली भरू का, माउली?"

"भरा की. गाव कुठलं, आजी?"

"टेंभुर्णी. उजनीपाशी."

तिनं बाटली भरली, तिथंच उभ्यानं अर्धी रिकामी केली आणि पुन्हा भरून घेतली. पाणी चांगलं आहे का, असं तिनं विचारलं नाही.

शेठनी चाकणला फोन लावला. "माल गुरुवारी मिळेल." पलीकडचा आवाज चढला, उशिराबद्दल बिलातून पैसे कापू म्हणाला. "कापा," म्हणून शेठनी फोन ठेवला.

रविवारी सकाळी काम सुरू झालं. थोडं थोडं द्रावण पाण्यात पातळ करायचं, ते पुरेसं आंबट आहे ना हे पीएच पट्टीवर बघायचं आणि मग बेतानं मेटाबायसल्फाइट टाकायचं. त्याचा उग्र वास येतो, खोकला लागतो. तात्यांनी पोरांना मास्क बांधायला लावले आणि पंखे दाराकडे फिरवले. नारिंगी द्रावण हळूहळू मातकट झालं, मग हिरवं. हिरवं झालं की विषारी क्रोमियम सौम्य रूपात आलेलं असतं. मग चुना घालायचा, की ते गाळ होऊन तळाशी बसतं. वरचं पाणी तपासूनच पुढं सोडायचं. गाळ मात्र रांजणगावला, धोकादायक कचऱ्याच्या प्रकल्पात पाठवावा लागतो. त्याचे पैसे वेगळे. बुधवारी दुपारपर्यंत हेच चाललं. शेठही बाह्या सरसावून चुना कालवत होते.

संध्याकाळी शेजारचा गाळेवाला डोकावला. त्याच्याकडेही तसलीच पिंपं साठली होती.

"एवढा खटाटोप? नाल्यात एक पिंप कमी गेलं म्हणून नदी साफ होणार आहे का?"

"नाही होणार," शेठ म्हणाले. "तुझी किती आहेत?"

"तीन."

"उद्यापासून इथं आण. तात्या दाखवतील कसं करायचं ते. रांजणगावची गाडी दोघांत मिळून बोलवू, भाडं निम्मं निम्मं."