मधल्यांची जागा

दुसऱ्याच्या मुलीला जोखमीच्या वाटेने जा म्हणण्याचा हक्क आपल्याला असतो का? अभनपुरात आमच्या शेजारची मुलगी सिकलसेलवर संशोधन करते. छत्तीसगडमध्ये या आजाराचं नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तिचा विषय मात्र सांगता सांगता तिची दमछाक होते. शिक्षण संख्याशास्त्राचं, काम रक्ताच्या नमुन्यांवर. डॉक्टरांच्या लेखी ती आकडेवाली, आकडेवाल्यांच्या लेखी दवाखान्यातली. नोकरीची जाहिरात निघते ती एकाच विषयाची. “मावशी, सोडून देऊ का?” असं तिनं विचारलं, तेव्हा दोन भाषांच्या मध्ये राहण्याची सवय कशी होते, हे अनुवादकाचं पाठ झालेलं भाषण माझ्या ओठावर आलं होतं. गिळलं. माझा अनुवाद साभार परत आला तर वर्षाचं काम जातं. तिची अख्खी तिशी जाईल.

हुरूप देणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही, हीच त्यातली अडचण आहे.

म्हणून मला कमल रणदिवे आणि वसंत रामजी खानोलकर ही जोडी महत्त्वाची वाटते. पुण्याच्या कमलताईंचं एम.एस्सी.चं काम सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींवर. खानोलकर विकृतिशास्त्राचे, टाटा रुग्णालयातले. वनस्पतीवालीला कॅन्सरच्या प्रयोगशाळेत काय काम, असं कुणीही म्हटलं असतं. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९४९ साली तिला मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. (सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या रेणूतला दोष आहे, हे पॉलिंग यांच्या गटाने दाखवलं तेही १९४९ सालीच, त्या गटातला हार्वे इटानो डॉक्टर होऊन मग रसायनशास्त्रात पीएच.डी. करायला आलेला तरुण होता.) पुढे खानोलकरांनी तिला अमेरिकेला जायला सांगितलं. बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे ती पेशी शरीराबाहेर वाढवण्याचं तंत्र शिकली. मला मोलाचं वाटतं ते याच्या पुढचं: परतल्यावर मुंबईच्या कॅन्सर संशोधन केंद्रात तिला पद होतं आणि ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी करायला वाव होता. जा म्हणणाऱ्याने परतीची जागाही राखली होती.

यावर आक्षेप असा, की अशाने सगळं एका भल्या माणसावर अवलंबून राहतं. खानोलकर भेटले नाहीत, त्यांचं काय? आक्षेप खरा आहे. भलेपणा वाटणीला येतो, हक्काने मागता येत नाही. आणि सिकलसेलचा रोगी विषयांच्या भिंती बघून आजारी पडत नाही. त्याच्यासाठी मध्ये उभं राहणाऱ्याचा पगार ही मेहेरबानी नव्हे, देणं आहे.

रणदिव्यांनाही हे उमगलं असावं. १९७३ साली त्यांनी इतरांसोबत भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना काढली. वाशीला त्या संघटनेच्या आवारात नोकरदार स्त्रियांचं वसतिगृह आहे, आणि पाळणाघरही.